मतदान नसलेली परिषद: कॉलेजात अभिरूप नाटो कशी भरवावी

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एमयूएन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अभिरूप परिषद, आता नवं राहिलेलं नाही. टाय लावायचा, देशाचा फलक उंच करायचा, दीड मिनिटात तडाखेबंद भाषण ठोकायचं आणि शेवटी ठराव मताला टाकायचा. बहुमत मिळालं की काम फत्ते. हीच सवय घेऊन मुलं नाटो ह्या लष्करी आघाडीच्या अभिरूप परिषदेत बसली की गाडी लवकरच अडते, कारण तिथे मतदान नावाचा प्रकारच नाही. आज नाटोत ३२ देश आहेत. ३१ देश तयार आणि एकटं आइसलँड नाराज असेल, तर निर्णय होत नाही. आइसलँडला स्वतःचं सैन्य नाही, तरीही.

हा निर्णयाचा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. हाउसिंग सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी "कुणाची हरकत?" म्हणून क्षणभर थांबतो आणि वहीत "मंजूर" लिहितो. सगळ्यांनी होकार दिलेला नसतो, फक्त कुणी नकार दिलेला नसतो. मात्र सोसायटीत कुणी हट्ट धरलाच तर मतं मोजून त्याला गप्प करता येतं. नाटोत ती सोय नाही. त्यामुळे खरी कसोटी भाषणाची नसून हरकत घ्यायची की नाही, आणि घेतली तर त्याची काय किंमत मोजावी लागेल, हे ठरवण्याची आहे. पुढची सगळी आखणी ह्या एका गोष्टीभोवती केली आहे. अभिरूप परिषद भरवू पाहणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी संयोजक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलंय. वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठाच्या किंवा ओटावाला कार्लटन विद्यापीठाच्या मॉडेल नाटोत उतरणाऱ्या तिकडच्या मराठी मुलांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

प्रसंग कोणता घ्यावा

चालू युद्धाचा विषय घेऊ नका. मुलं टीव्हीवरची वाक्यं बोलतात, रोज बातमी बदलते आणि प्रत्येकाचं मत आधीच पक्कं झालेलं असतं. संपलेला, कागदपत्रं उघड असलेला आणि खऱ्या परिषदेला खरोखर अडकवणारा प्रसंग निवडा. माझी निवड फेब्रुवारी २००३ची आहे.

तेव्हा इराकवर अमेरिकेच्या हल्ल्याची तयारी सुरू होती. युद्ध झालं तर शेजारच्या तुर्कस्तानवर क्षेपणास्त्रं पडू शकतात, म्हणून नाटोने त्याच्या संरक्षणाचं नियोजन सुरू करावं, असा प्रस्ताव अमेरिकेने जानेवारीत मांडला. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांचं म्हणणं असं की आत्ता नियोजन करणं म्हणजे युद्ध होणारच हे मान्य करणं. संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक इराकमध्ये काम करत असताना असा संदेश जायला नको. ६ फेब्रुवारीला सरचिटणीस जॉर्ज रॉबर्टसन यांनी निर्णयाचा मसुदा "मौन प्रक्रिये"त टाकला: सोमवारपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर मंजूर. १० फेब्रुवारीला ह्या तिघांनी मौन मोडलं. त्याच दिवशी तुर्कस्तानने नाटोच्या स्थापना कराराचं चौथं कलम पुढे केलं. आपली सुरक्षा धोक्यात आहे असं वाटणारा सदस्य त्या कलमाखाली सल्लामसलतीची मागणी करू शकतो.

हा प्रसंग वर्गासाठी सोयीचा का, तर त्या वेळी सदस्य फक्त १९ होते. बेल्जियम, कॅनडा, झेक प्रजासत्ताक, डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, ग्रीस, हंगेरी, आइसलँड, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स, नॉर्वे, पोलंड, पोर्तुगाल, स्पेन, तुर्कस्तान, ब्रिटन आणि अमेरिका. प्रत्येक देशाला दोघं दिली तर ३८ विद्यार्थी, म्हणजे साधारण एका तुकडीएवढे. शिवाय वाद गोळीबाराचा नसून एका परिच्छेदातल्या शब्दांचा आहे, आणि शिकवायचं आहे नेमकं तेच.

एक अट कडक पाळा: खेळाची तारीख ६ फेब्रुवारी २००३. पुढे इराकमध्ये काय सापडलं, काय नाही, हे कुणीही बोलायचं नाही. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराकच्या शस्त्रांबद्दल सुरक्षा परिषदेत केलेलं सादरीकरण मात्र सगळ्यांनी ऐकलेलं आहे, असं धरा.

माणसं कशी नेमावीत

अध्यक्ष म्हणजे सरचिटणीस. एमयूएनमधला चेअर नियम सांभाळतो, वेळ मोजतो. इथला अध्यक्ष त्याहून बरंच जास्त करतो. मसुदा त्याचाच असतो, कोपऱ्यात नेऊन समजावणं त्याचंच, मौन केव्हा लावायचं तेही तोच ठरवतो. फर्डा वक्ता निवडू नका. ज्याला सगळे आपणहून काही सांगतात, असा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी निवडा.

दोघांना लष्करी समिती करा. अवॅक्स टेहळणी विमानं, पॅट्रियट क्षेपणास्त्रं, रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचावाची पथकं यांतलं काय किती दिवसांत पोहोचू शकेल, एवढंच त्यांनी सांगायचं. राजकीय मत द्यायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं खातं म्हणजे "राजधानी". प्राध्यापक किंवा दोन वरच्या वर्गातले विद्यार्थी वेगळ्या खोलीत बसतात. ब्रसेल्समधला राजदूत स्वतःच्या मनाने हो-नाही म्हणत नाही, त्याला सरकारच्या सूचना असतात. वर्गातल्या प्रतिनिधीनेही मोठी सवलत देण्याआधी ह्या खोलीत जाऊन परवानगी मागायची. राजधानी कधी होकार देईल, कधी "मंत्री उपलब्ध नाहीत" म्हणून ताटकळत ठेवेल. ही खोली नसली तर खेळ मैत्रीखातर दुपारच्या जेवणापर्यंत संपतो. मुलं एकमेकांच्या डब्यातलं खातात, त्यांना भांडण लांबवणं जमत नाही.

तयारीचा कागद

नेहमीचा दोन पानी पोझिशन पेपर मागू नका. तो इंटरनेटवरून उतरवला जातो, त्यातलं पहिलं पान देशाच्या भूगोलावर जातं. त्याऐवजी तीन प्रश्नांचा एक कागद भरून घ्या. कोणत्या शब्दाला आपला देश कधीच मान्यता देणार नाही? काय मिळालं तर काय सोडू? आणि आपण एकटे अडून बसलो तर त्याची किंमत काय?

पहिले दोन प्रश्न मुलं झटकन सोडवतात, तिसऱ्यापाशी थांबतात. तिथे त्यांना मदत करा. उदाहरणार्थ, जर्मनी. २००२ची निवडणूक चान्सलर श्रोडर यांनी इराक युद्धाला विरोध करत जिंकली होती, म्हणजे घरी माघार घेणं महाग. पण नाटोच्या अवॅक्स विमानांचा तळ जर्मनीतच, गाइलेनकिर्खेनला. बेल्जियम घ्या: लहान देश, नाटोचं मुख्यालय त्याच्याच राजधानीत. फ्रान्स आणि जर्मनी सोबत असेपर्यंत त्याला नकार परवडतो. सोबत सुटली तर? ग्रीसचं तुर्कस्तानशी जुनं वैर, आणि त्या सहामाहीत युरोपीय संघाचं अध्यक्षपदही ग्रीसकडे. दोन्ही गोष्टी एकाच प्रतिनिधीच्या डोक्यात हव्यात. उलट बाजूला ब्रिटन, स्पेन, इटली, पोर्तुगाल, डेन्मार्क, पोलंड, हंगेरी आणि झेक प्रजासत्ताक यांच्या नेत्यांनी ३० जानेवारीला अमेरिकेच्या बाजूने एकत्र पत्र प्रसिद्ध केलं होतं. ते पत्र ह्या आठ जोड्यांनी वाचलेलं असावं.

वॉशिंग्टन करार, म्हणजे नाटोचा स्थापना करार, सगळ्यांनीच वाचायचा. ४ एप्रिल १९४९चा हा करार अवघ्या १४ कलमांचा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो. पाचव्या कलमाबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो की एकावर हल्ला झाला की सगळ्यांचं सैन्य आपोआप निघतं. कलम सांगतं की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करील. ते आजवर एकदाच लागू झालं, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर, १२ सप्टेंबर २००१ला. २००३च्या खेळात कुणी पाचवं कलम ओरडू लागलं तर अध्यक्षाने शांतपणे चौथ्याकडे वळवावं.

शनिवार: मसुदा

दोन दिवस हवेत, आणि मधली रात्रही. सकाळी टेबलाची एक फेरी घ्या, प्रत्येक देशाला दोनच मिनिटं. कुणी प्रस्तावना सुरू केली तर थांबवा. अध्यक्ष फक्त ऐकतो आणि कोण कशावर अडलंय ते लिहून घेतो. त्यानंतर भाषणं बंद, थेट कागद.

मसुदा प्रोजेक्टरवर लावा आणि वादग्रस्त शब्द चौकटी कंसात टाकत जा. खऱ्या वाटाघाटींत हेच करतात. नमुन्यादाखल:

"परिषद तुर्कस्तानच्या संरक्षणासाठी [आवश्यक ती पावलं उचलण्याचं ठरवते] [लष्करी नियोजन सुरू करण्यास सांगते], [संयुक्त राष्ट्रांच्या प्रयत्नांना बाधा न आणता]."

दिवसभराचं काम म्हणजे हे कंस उडवणं. नवा कंस घालायला कुणालाही मुभा आहे, पण घालणाऱ्याने पर्यायी शब्द दिलाच पाहिजे. नुसतं "आम्हाला हे मान्य नाही" चालणार नाही. एवढ्या एका नियमाने चर्चेचा दर्जा बदलतो.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या. "नोंद घेते", "स्वागत करते", "पाठिंबा देते", "ठरवते" ही चढती शिडी आहे, एका पायरीच्या फरकावर तासभर घासाघीस होऊ शकते आणि व्हावी. तसंच "करील", "करावे" आणि "करू शकेल". मुलांना आधी हे शब्दांचा कीस काढणं वाटतं. "नियोजन" आणि "तैनाती" यांतला फरक हाच २००३च्या वादाचा गाभा होता, हे लक्षात आलं की त्यांचा सूर बदलतो.

अनौपचारिक बैठकांना भरपूर वेळ ठेवा. चहाच्या सुट्टीत जे सुटतं ते टेबलावर सुटत नाही, म्हणून चहाची सुट्टी चांगली अर्ध्या तासाची द्या. अध्यक्षाने त्या वेळात अडलेल्या दोन-तीन देशांना बाजूला घ्यावं. बाकीच्यांना हे कट वाटेल. वाटू द्या, खऱ्या राजदूतांनाही तसंच वाटत असतं.

शनिवारची रात्र: मौन

ह्या खेळातला माझा सगळ्यात आवडता भाग. संध्याकाळी अध्यक्ष शक्य तितके कंस काढलेला मसुदा व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि मुदत लिहितो: उद्या सकाळी दहा. त्यानंतर गटावर कुणी काहीही लिहायचं नाही. अंगठ्याची इमोजीसुद्धा नाही. हरकत असेल तर देशाच्या मुख्य प्रतिनिधीने मुदतीआधी अध्यक्षाला वेगळं पत्र लिहायचं, त्यात कारण आणि पर्यायी वाक्य दोन्ही हवं. दहा वाजेपर्यंत पत्र आलं नाही तर मसुदा मंजूर. झोप लागली, नेट बंद होतं, बस चुकली, ह्या सबबी चालणार नाहीत. मौन म्हणजे संमती.

ह्या पद्धतीचा राजकीय उपयोग मुलांना रात्रीतूनच उमगतो. एखाद्या सरकारला उघड "हो" म्हणणं घरी परवडत नसतं, पण गप्प बसणं परवडतं. तसंच टेबलावर सहज "नाही" म्हणणाऱ्याला स्वतःच्या सहीने मौन मोडणं जड जातं, कारण सकाळी सगळ्यांना ठाऊक असतं की कुणी मोडलं. रात्रभर फोन चालू राहतात. चालू द्या. राजधानीच्या खोलीतले लोकही रात्री अकरापर्यंत फोनवर उपलब्ध असावेत.

अध्यक्षाला एक सूचना द्या: मौन लावणं हा जुगार आहे. मोडलं तर मतभेद चव्हाट्यावर येतात आणि माघार घेणं अवघड होऊन बसतं. २००३मध्ये नेमकं तेच झालं.

रविवार: मौन मोडल्यावर

मोडलं नाही तर अभिनंदन करा आणि राजधानीकडून नवीन बातमी सोडा. मोडलं तर खरी बैठक आता सुरू होते. बातम्या इतिहासातल्याच वापरा: १४ फेब्रुवारीला मुख्य शस्त्रनिरीक्षक हान्स ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेला दिलेला अहवाल, १५ फेब्रुवारीला रोम, लंडन, माद्रिदसह जगभर निघालेले प्रचंड युद्धविरोधी मोर्चे. दुसरी बातमी आली की स्पेन, इटली आणि ब्रिटनच्या जोड्यांचे चेहरे बघा. त्यांची सरकारं एका बाजूला, रस्ता दुसऱ्या बाजूला.

कोंडी फोडायच्या वाटा मुलांना आधी सांगून ठेवाव्यात, नाहीतर ती भावनिक आवाहनांवर उतरतात. निर्णयाचे तुकडे करता येतात: आज फक्त टेहळणी विमानं, बाकी नंतर. मजकुराला मुदत किंवा अट जोडता येते. एखादा देश निर्णय अडवत नाही, पण आपलं वेगळं निवेदन नोंदवतो. एखादा निर्णय होऊ देतो आणि स्वतः त्यात उतरत नाही. २०११मध्ये जर्मनीने लिबियाबाबत असंच केलं, सुरक्षा परिषदेत तटस्थ राहिली, नाटोची मोहीम अडवली नाही, तिच्या हवाई हल्ल्यांत भागही घेतला नाही. आणि शेवटची वाट: टेबलच बदलायचं.

२००३मध्ये तीच वापरली गेली. फ्रान्स १९६६मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला होता, त्यामुळे नाटोच्याच संरक्षण नियोजन समितीत त्याची खुर्ची नव्हती. विषय त्या समितीकडे नेला गेला आणि १६ फेब्रुवारीला, रविवारी रात्री, १८ देशांनी निर्णय घेतला. जर्मनी आणि बेल्जियम यांचे मुद्दे आठवड्यात फारसे बदलले नव्हते. पण फ्रान्स खोलीत नसताना अडून बसणं बेल्जियमला फार महाग झालं असतं. शिवाय हे नियोजन निव्वळ बचावासाठी आहे, अशा शब्दांनी त्यांना सन्मानाने मागे येता आलं. तयारीच्या कागदावरचा तिसरा प्रश्न आठवा. बाकीच्या वाटा आधी सांगा, पण ही शेवटची मुलांना सांगू नका. एखाद्या जोडीला ती स्वतः सापडली तर उत्तम. नाही सापडली तर दुपारी राजधानीमार्फत अमेरिकेच्या प्रतिनिधींना चिठ्ठी पाठवा.

कुठे घसरतं

प्रत्येक तुकडीत एक तरी विद्यार्थी "मी अडवू शकतो" ह्या कल्पनेने झपाटतो आणि शेवटपर्यंत अडवून दाखवतो. त्याला ओरडू नका. राजधानीतून सूचना पाठवा: अमुक देशाने आपली एक मागणी रोखून धरली आहे, संसदेत प्रश्न विचारले जाताहेत. किंमत दिसली की तो स्वतःच वाकतो, किंवा ती मोजून अडून राहतो. दोन्ही योग्यच. परिषद निर्णयाविना उठली तर खेळ फसला असं मानू नका.

बक्षीस "सर्वोत्तम वक्त्या"ला देऊ नका. गुण द्यायचेच असतील तर दोन गोष्टींना द्या: अंतिम मजकुरात टिकलेली त्या जोडीची वाक्यं, आणि तयारीच्या कागदावर लिहिलेल्या मर्यादा त्यांनी किती सांभाळल्या. सहमतीसाठी सगळंच सोडणाऱ्याला कमी गुण मिळायला हवेत, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

दुसऱ्या वर्षी काय

नाटो लांबचं वाटलं तर सहमतीचे भारताशी थेट जोडलेले दोन प्रसंग आहेत. पहिला जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेचा, ऑगस्ट १९९६. तिथेही निर्णय सहमतीने होतात. सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराचा मसुदा भारताने रोखून धरला. तेव्हा भारताची बाजू मांडणाऱ्या राजदूत होत्या मुंबईत वाढलेल्या अरुंधती घोष. पण टेबल बदलण्याची युक्ती इथेही चालली: ऑस्ट्रेलियाने मसुदा थेट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला आणि १० सप्टेंबरला तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया.

दुसरा प्रसंग मला नाट्यमय म्हणून जास्त आवडतो: सप्टेंबर २००८, व्हिएन्ना, अणुपुरवठादार गट. भारताला नागरी अणुव्यापाराची सवलत द्यायची की नाही, यावर ४५ देशांची सहमती हवी. ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांच्या शंका शेवटपर्यंत होत्या. भारत सदस्य नसल्यामुळे बैठकीच्या खोलीत नव्हताच. खेळात भारताची जोडी दाराबाहेर बसवा, तिला फक्त चिठ्ठ्या आणि एक जाहीर निवेदन एवढंच हत्यार द्या. खरं निवेदन परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ५ सप्टेंबरला केलं, त्यात अणुचाचण्या न करण्याच्या स्वेच्छेने घेतलेल्या निर्णयाचा पुनरुच्चार होता. दुसऱ्या दिवशी सवलत मिळाली. आपल्या मुलांनी ते निवेदन न वाचता स्वतःचं लिहावं आणि मग शेजारी ठेवून पाहावं.

शेवटचा अर्धा तास

रविवारी संध्याकाळी सगळ्यांचे फलक काढून घ्या, देश उतरवा आणि मगच खरा इतिहास सांगा. तयारीचे कागद परत वाटा, प्रत्येक जोडीने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्याने लिहावं. त्यानंतर तुर्कस्तानच्या जोडीला १ मार्च २००३ची बातमी वाचायला द्या. अमेरिकी सैन्याला तुर्कस्तानातून जाऊ द्यायचं का, यावर तिथल्या संसदेत मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. होकार जास्त असूनही ठराव पडला, कारण उपस्थितांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे २६७ मतं लागत होती. ज्याच्या संरक्षणासाठी दोन दिवस भांडलो त्या देशाच्या संसदेने मित्रालाच वाट नाकारली, यावर अमेरिकेची जोडी आधी बोलेल. तिला बोलू द्या, आणि बेल्जियमच्या जोडीला सगळ्यात शेवटी विचारा.